बुल्गोगी कोणाच्या हातची?

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील घरांतून बुल्गोगी या कोरियन पदार्थाचे नाव वारंवार कानी पडू लागले आहे. कोरियन मालिका पाहणाऱ्या मुलामुलींनी ते घरात आणले. पुढे २०२७ सालच्या जागतिक युवा दिनासाठी सेऊल शहराची निवड झाल्याचे २०२३ साली लिस्बन येथे जाहीर झाले आणि धर्मग्रामांतील तरुणांचे कोरियाविषयीचे कुतूहल आणखी वाढले. परदेशी पदार्थ आवडीने शिकावा, हौसेने करावा, चार माणसांना बोलावून वाढावा, यात वावगे काहीच नाही. मांसाला मुरवण लावून चुलीवर भाजण्याची कला आपल्या घरांना नवीनही नाही. तेव्हा आमचा आक्षेप पदार्थाला नाही. तो पदार्थ ज्या तोऱ्यात मिरवला जातो, त्या तोऱ्याला आहे.

हा तोरा दुहेरी आहे. ज्या ताटात बुल्गोगी असते त्या ताटाला आता प्रतिष्ठा आहे; ‘मोठ्याचे मटण’ ज्या पिशवीतून येते ती पिशवी मात्र अजून वर्तमानपत्रात गुंडाळून, शेजाऱ्यांच्या नजरा चुकवून, मागच्या दाराने आत घेतली जाते. तेच मांस कोरियन नाव धारण करताच सुसंस्कृत ठरते आणि आपल्या आजीच्या मडक्यात शिजले की गावंढळ! याहून खेदाची गोष्ट ही की, जो खाटीक पहाटेपासून उभा राहून ते मांस कापून देतो, त्याच्याशी आपले नाते पैसे टाकण्यापुरतेच उरते. त्याचे नाव आपणांस ठाऊक नसते. त्याच्या मुलाने आपल्या मुलीला मागणी घातली तर काय होईल, हे विचारण्याचीही सोय नाही. मांस पवित्र आणि मांस कापणारा हात अपवित्र, हा न्याय कोणत्या शुभवर्तमानातला?

आम्ही हे बुल्गोगीच्याच निमित्ताने लिहीत आहोत, याला कारण आहे. या एका पदार्थामागे कोरियात जो इतिहास उभा आहे, तो आमच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापेक्षा अधिक कठोर शब्दांत देतो. आणि त्या उत्तरात आपल्या ख्रिस्तसभेच्या रक्तसाक्ष्यांचा वाटा आहे.

प्रथम पदार्थाविषयी. कोरियन भाषेत ‘बुल’ म्हणजे अग्नी आणि ‘गोगी’ म्हणजे मांस. चांगल्या भागाचे मांस तंतूंना आडवे, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पातळ पट्ट्यांत कापायचे. कापण्यापूर्वी तासभर फ्रीजरमध्ये ठेवून अर्धवट गोठवले तर सुरी नीट चालते. अर्धा किलो मांसाला चार-पाच मोठे चमचे सोया सॉस, दोन चमचे साखर, एक चमचा तिळाचे तेल, पाच-सहा लसणीच्या पाकळ्या वाटून, एक कांदा, थोडी मिरपूड आणि अर्ध्या नासपतीचा कीस. तेल भाजलेल्या तिळांचे हवे. आपल्या घाण्याच्या कच्च्या तिळाच्या तेलाला तो खमंगपणा येत नाही. नासपती केवळ गोडीसाठी नसते. तिच्यातील विकरे मांसातील प्रथिनांचे बंध सैल करतात. आपल्याकडे कच्च्या पपईचा तुकडा जे काम करतो तेच. मात्र पपईचा जोर मोठा. ती वापरायची तर चिमूटभरच आणि अर्ध्या तासापलीकडे नाही, नाहीतर मांसाचा लगदा होतो. नासपती घातलेले मांस एक-दोन तास मुरू द्यावे. मग तवा सणसणीत तापवून मांस थोडे थोडे टाकावे. एकदम सगळे ओतले तर पाणी सुटते आणि ते भाजण्याऐवजी उकडते. सेऊलच्या पद्धतीत मध्ये फुगीर असलेल्या तव्यावर मांस भाजते आणि कडेच्या खोबणीत त्याचा रस्सा साचतो. दक्षिणेकडील ओन्यांग आणि ग्वांगयांग येथे ते निखाऱ्यांवर जाळीत भाजतात. लेट्यूसच्या पानात थोडा भात, त्यावर मांस आणि सोयाबीनचा तिखट लगदा ठेवून एकाच घासात खायचे. झाली बुल्गोगी.

ही झाली कृती. पण कृतीच्या पुस्तकात दोन हात दिसत नाहीत. एक मांस कापणाऱ्याचा आणि दुसरा सोया सॉसचे रांजण घडवणाऱ्याचा.

पहिल्या हाताची कहाणी अशी. बौद्ध धर्माच्या प्रभावाखालील गोर्यो राजवटीत प्राणिवध निषिद्ध मानला जाई. ११२३ साली तेथे आलेल्या सोंग चीनच्या एका दूताने, या लोकांना जनावर नीट कापताही येत नाही, अशा अर्थाचे लिहून ठेवले आहे. तेराव्या शतकात मंगोल आले आणि मांसाहार पुन्हा रुजला. पुढे १३९२ साली जोसन राजवट आली. तिने बैल मारण्यावर पुन्हा पुन्हा बंदी घातली. कारण धर्माचे नव्हते, नांगराचे होते. बैल मेला तर शेत पडीक राहते, हे तेथील राजांना कळत होते. परंतु बंदी कोणी पाळली? यांगबान म्हणवणाऱ्या सरदार-विद्वानांच्या ताटातून बीफ कधी हलले नाही. राजधानीत, राज्यातील सर्वोच्च कन्फ्यूशियन विद्यापीठाच्या आश्रयाने राहणारे लोक परवान्याच्या दुकानांतून बीफ विकत, आणि कायदा मोडल्याबद्दल ठरावीक दंड सरकारी कचेऱ्यांत नियमाने भरत. म्हणजे बंदी हे सरकारच्या उत्पन्नाचे साधन झाले! १८४९ साली हाँग सोक-मो याने कोरियातील ऋतुमानानुसार चालणाऱ्या रीतीभातींची जी नोंद केली, तिच्यात सेऊलच्या लोकांचा एक षोक सापडतो. दहाव्या महिन्यात थंडी पडू लागली की निखाऱ्यांची शेगडी मांडायची, वर तवा ठेवायचा, आणि तेल, सोया सॉस, अंडे, कांद्याची पात, लसूण व मिरचीपूड लावलेले बीफ भाजत शेगडीभोवती गोल बसून खायचे. आजच्या बुल्गोगीची ही सख्खी आत्याच म्हणावी.

शेगडीभोवती बसणाऱ्यांत मात्र ते बैल कापणारा नव्हता. खेडोपाडी जनावरे कापणे, कातडी कमावणे, टोपल्या विणणे ही कामे करणाऱ्या जमातीला ‘बेकजोंग’ म्हणत. या नावाचीच कथा ऐकण्यासारखी आहे. मुळात बेकजोंग म्हणजे साधा शेतकरी रयत. १४२३ साली सेजोंग राजाच्या कारकिर्दीत, या बहिष्कृत लोकांना समाजात सामावून घ्यावे म्हणून त्यांची जुनी हिणकस नावे रद्द करून हे भले नाव त्यांना देण्यात आले. झाले काय? लोक सामावले गेले नाहीत. भले नावच शिवी बनले. आपल्या महाराष्ट्रातील वाचकांना हा अनुभव नवा वाटू नये. बेकजोंगांनी गावाबाहेर राहावे, कौलारू घर बांधू नये, रेशीम ल्यावे नाही, प्रतिष्ठितांची टोपी घालू नये, दुसऱ्याच्या पोरासोराशीही आदरार्थी भाषेत बोलावे, आणि त्या पोराने त्यांना अरेतुरे करावे. त्यांच्या हातचे मांस मात्र सर्वांना चाले.

आणि येथे आपली ख्रिस्तसभा या कहाणीत प्रवेश करते. कोरियातील ख्रिस्तसभा कोणा परदेशी मिशनऱ्याने स्थापिली नाही. तेथील प्रापंचिक विद्वानांनी पुस्तके वाचून तिचा पाया घातला आणि १७८४ साली त्यांच्यापैकी यी सुंग-हून हा बीजिंगहून स्नानसंस्कार घेऊन परतला. या मूठभर लोकांत होंगजू येथील एक बेकजोंग सामील झाला. त्याचे नाव ह्वांग इल-ग्वांग, स्नानसंस्कारातील नाव सिमोन. ज्यांच्या उंबऱ्याबाहेर त्याने जमिनीकडे पाहत उभे राहायचे, त्या यांगबान ख्रिस्ती बांधवांनी त्याला आतल्या दालनात आपल्या शेजारी बसविले. कोरियन भाषेतील पहिला ख्रिस्ती धर्मबोध लिहिणारा चोंग याक-जोंग हा त्या उच्चकुलीनांपैकीच एक. हे सिमोनला इतके अपूर्व वाटले की, आपल्यासाठी स्वर्ग दोन आहेत, एक मरणानंतरचा आणि एक या माणसांत लाभलेला, अशा अर्थाचे तो हसत हसत बोले, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. १८०१ च्या छळात तो पकडला गेला. त्याने धर्म नाकारला नाही, सोबत्यांची नावे सांगितली नाहीत. १८०२ साली त्याच्याच गावी, होंगजू येथे, त्याचा शिरच्छेद झाला. चोंग याक-जोंग त्याच्या आदल्या वर्षी मारला गेला होता. १६ ऑगस्ट २०१४ रोजी सेऊल येथे पोप फ्रान्सिस यांनी १२४ रक्तसाक्ष्यांना धन्यवादित घोषित केले, त्यांत सरदार चोंग आणि खाटीक ह्वांग या दोघांची नावे एकाच यादीत वाचली गेली.

दुसऱ्या हाताची कहाणीही आपलीच आहे. सोया सॉस बाटलीत जन्मत नाही. सोयाबीन शिजवून, कांडून, त्याच्या विटा करून सुकवायच्या, आंबू द्यायच्या, मग मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवायच्या. पाणी ते सोया सॉस, गाळ तो लगदा. हे सारे मातीच्या ओंग्गी नावाच्या रांजणात घडते, ज्याच्या अंगातून हवा खेळते. छळाच्या काळात जमीनजुमला सोडून डोंगरांत पळालेल्या कोरियन ख्रिस्ती लोकांनी हीच भांडी घडवून पोट भरले. डोंगरात माती आणि लाकूड होते, शेत लागत नव्हते. आणि रांजण पाठीवर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कुंभाराकडे कोणी संशयाने पाहत नसे, त्यामुळे विखुरलेल्या बांधवांचे निरोपही पोहोचत. कुंभाराचा धंदा हलका समजला जाई. तोच त्यांनी पत्करला. १९६९ साली कोरियाचे पहिले कार्डिनल झालेले स्टीफन किम सू-ह्वान हे अशाच ओंग्गी विकणाऱ्या बापाचे पुत्र. ‘ओंग्गी’ हेच टोपणनाव त्यांनी अभिमानाने धारण केले होते. घाणेरडे म्हणून टाकलेले खापर आपल्या पोटात गोड-कडू सारे मुरवते, ही त्या नावामागची जाण आम्हांस मोठ्या प्रवचनाहून मोलाची वाटते.

आता विचारा: बुल्गोगी कोणाच्या हातची? मांस खाटकाच्या हातचे, रस कुंभाराच्या हातचा. दोघेही समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवलेले, आणि दोघांनाही ख्रिस्तसभेने आत घेतलेले. हा इतिहास डावलून नुसती चव उचलणे म्हणजे पानावरचा पदार्थ घेऊन वाढणाऱ्याला हाकलून देणे होय.

यावर तीन आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो.

पहिला आक्षेप: ही दुसऱ्या देशातली जुनी गोष्ट, आपण ख्रिस्ती, आपल्यात असले भेद कुठे? आम्ही विचारतो, ख्रिस्ती झाल्याने भेद आपोआप गळून पडतात काय? कोरियात पडले नाहीत. १८९० च्या दशकात सेऊलच्या एका प्रॉटेस्टंट चर्चमध्ये पार्क सोंग-चुन नावाचा बेकजोंग येऊन बसू लागला, तेव्हा तेथील यांगबान उठून निघून गेले. धर्मगुरू सॅम्युएल मूर यांनी बेकजोंगाला घालवून देण्याचे नाकारले, म्हणून तो टिकला. १८९४ च्या सुधारणांनी जन्मावरची उच्चनीचता कायद्याने रद्द केली. १८९८ साली हाच पार्क राजधानीतील प्रचंड जाहीर सभेत बोलण्यास उभा राहिला, आणि त्याचा मुलगा पार्क सो-यांग १९०८ साली पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या देशातील पहिल्या डॉक्टरांपैकी एक झाला. तरीही १९२३ साली जिंजू येथे बेकजोंगांना न्यायासाठी ‘ह्योंगप्योंगसा’ ही संघटना स्थापावी लागली. कायदा होऊन २९ वर्षे उलटली होती आणि त्यांच्या मुलांना शाळेत बसू देत नव्हते! त्या संघटनेच्या नावात खाटकाचा तराजू आहे. ज्या तराजूवर मांस समतोल तोलले जाते, त्यावरच माणूसही समतोल तोलला जावा, ही मागणी. कायदा आला, धर्म आला, तरी माणसाला आत घ्यायला उठून जागा द्यावीच लागते. ती आपोआप होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: बीफविषयी लिहून आपण शेजाऱ्यांच्या भावना दुखवत नाही काय? याचे उत्तर आम्ही टाळणार नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आपल्या खाण्याने भावाला ठेच लागत असेल तर ते खाणे सोडण्याची तयारी दाखविली आहे. म्हणून ज्याच्या मनाला यातना होतील त्याच्या नाकासमोर बुल्गोगीचा धूर करणे, हा आमच्या मते पराक्रम नाही. कायदाही पाळलाच पाहिजे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होती. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेली आणि २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळालेली दुरुस्ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली, परंतु परराज्यात कापलेले मांस घरी बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. म्हैसवर्गीय जनावरांना ही बंदी नाही. म्हणजे आपल्याकडची बुल्गोगी म्हशी-रेड्याच्या मांसाची, हे उघड आहे. पण पौलाने आहारात संयम सांगितला, माणसाची लाज बाळगण्यास सांगितले नाही. २०१५ नंतर आपण एका जनावराऐवजी दुसऱ्या जनावराकडे वळलो; आपल्याला एवढीच तोशीस पडली. बैलांच्या मांसावर ज्यांची चूल चाले त्या कुरेशी कुटुंबांचा धंदा बसला, आणि म्हातारा बैल बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याची कोंडी झाली. त्यांच्या बाजूने आपण किती बोललो? जोसन काळातील यांगबानांप्रमाणे आपलेही ताट भरलेले राहिले आणि दंड दुसऱ्याने भरला.

तिसरा आक्षेप खवय्यांचा: म्हशीच्या मांसाची बुल्गोगी ही खरी बुल्गोगीच नव्हे, आयात केलेली मुरवण आणि चरबीची जाळी असलेले मांस हवे. या आक्षेपाला उत्तर देणे सोपे आहे. कोरियन लोक स्वतः डुकराची आणि कोंबडीची बुल्गोगी करतात आणि तिला बुल्गोगीच म्हणतात. म्हशीचे मांस गडद, कमी चरबीचे, जरा जाड तंतूंचे असते. त्याला थोडे अधिक पातळ कापावे, तिळाचे तेल किंचित वाढवावे, पपईचा स्पर्श द्यावा, की ते उत्तम साधते. पदार्थाचा खरेपणा बाटलीवरच्या चिठ्ठीत शोधणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की, तो शोध चुकीच्या जागी चालला आहे.

कारण खरेपणाची कसोटी आपल्या धर्मग्रंथाने फार पूर्वी घालून दिली आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पेत्राला यापो येथे दृष्टांत होतो; आकाशातून उतरलेल्या चादरीत नाना प्रकारचे प्राणी दिसतात आणि देवाने शुद्ध केलेल्याला अशुद्ध म्हणू नये असे त्याला बजावले जाते. हा उतारा आपण आहाराच्या स्वातंत्र्यासाठी मोठ्या आवडीने सांगतो. पण पेत्र त्या वेळी कोणाच्या घरी उतरला होता? शिमोन नावाच्या चांभाराच्या, मेलेल्या जनावरांची कातडी कमावणाऱ्याच्या घरी! दृष्टांत त्या घराच्या धाब्यावर झाला. आणि पेत्राने त्यातून जो अर्थ काढला तो आहाराविषयी नव्हता. कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये, हा होता. चादरीतले प्राणी आपण लक्षात ठेवले आणि खालच्या मजल्यावरचा शिमोन विसरलो. यापोचा शिमोन आणि होंगजूचा सिमोन, हे दोघे नावाने आणि धंद्याने एकमेकांच्या इतके जवळ उभे असताना त्यांच्याकडे पाठ फिरवून जेवायला बसणे आम्हांस तरी जमणार नाही.

तेव्हा आमचे मागणे थोडे आहे, पण स्पष्ट आहे. सेऊलला जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या तरुणांना कोरियन गाण्यांबरोबर ह्वांग इल-ग्वांग हे नाव पाठ असावे. धर्मग्रामाच्या सभागृहात बुल्गोगी वाढायची असेल तर ज्याच्याकडून मांस आणले त्या खाटकाला, तो कोणत्याही धर्माचा असो, बिल चुकते करून निरोप देऊ नये. सहकुटुंब जेवायला बोलवावे आणि पहिल्या पंगतीला बसवावे. त्याचे नाव विचारावे, ते लक्षात ठेवावे, त्याच्या मुलांच्या शाळेची चौकशी करावी. आणि घरात मांसाची पिशवी आली तर ती पुढच्या दाराने यावी; सोबत ती आणणाराही यावा. हे ज्या घराला जमणार नाही, त्याने बुल्गोगी खुशाल करावी, पोटभर खावी. मात्र ती आमच्या कोरियन रक्तसाक्ष्यांच्या देशातली आहे, असे पाहुण्यांना सांगू नये.